सहधर्मचारी

गोव्यात २०१९ साली प्रथम भरलेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ शर्यतीत आमच्या सूनबाईंनी नाव घातले, तेव्हा यवतमाळच्या आमच्या घरी कुरकूर झाली. तीत आमचाच स्वर मोठा होता. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल, वर २१.१ किलोमीटर धावणे. आणि चिरंजीव मूल कडेवर घेऊन पहाटेपासून मिरामारच्या वाळूत उभे! शर्यतीत पतीने पाण्याचा पेलाही देऊ नये, असा नियम. “मग तुझे येथे काय काम?” आम्ही विचारले. “तिने पाहिले तर दिसावे, एवढेच.”

‘सहधर्मचारिणी’ या शब्दाचा विग्रह आम्ही जन्मभर वर्गात शिकविला. त्याचे पुल्लिंग मात्र त्या दिवशी पाहिले. पुढील महिन्यात आमच्या सौभाग्यवती गीतापठनाच्या स्पर्धेस बसत आहेत. वाचकहो, आम्ही दाराशी उभे राहणार आहोत.