गुरुवारची सुट्टी आणि पाठीवरची सॅक

भोसरी एमआयडीसीत आमची सुट्टी गुरुवारी. घरातले बाकीचे त्या दिवशी शाळेत नाहीतर ऑफिसात. गेल्या गुरुवारी सॅक पाठीला लावली, डबा-पाणी घेतलं आणि एकटीच माझं शहर बघायला निघाले.

निमित्त भाचीचं. ती ग्लासगोला शिकते. एका सुट्टीत तिने सकाळी तिथलं केल्विनग्रोव्ह संग्रहालय पाहिलं, तासाभराच्या रेल्वेने एडिंबरा गाठलं, रॉयल माइलवरून किल्ल्यापर्यंत चढली आणि दुपारी राष्ट्रीय संग्रहालयात शिरली. दोन्ही संग्रहालयांत प्रवेश मोफत. तिथून तिने एका पदकाचा फोटो पाठवला. अलेक्झांडर फ्लेमिंग यांचं नोबेल. स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. १९२८ साली लंडनच्या प्रयोगशाळेत त्यांना पेनिसिलिन सापडलं. फोटोखाली भाचीने लिहिलं होतं, ‘मावशी, आजोबांचं औषध!’

माझे वडील एच.ए.त होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ सालची. सरकारी मालकीची देशातली पहिली औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने ती पेनिसिलिन बनवायला पिंपरीत उभी राहिली. पाळी संपवून वडील घरी आले की कपड्यांना आंबूस वास यायचा. टाक्यांमधल्या बुरशीला मक्याचं पाणी पाजून आलो, म्हणायचे. बुरशीजन्य रोगांवरचं हॅमायसिन इथेच शोधलं गेलं, त्याच्या नावातच एच.ए. आहे, हे ते आल्यागेल्याला सांगत.

तरी पाहुणे आले की आम्ही त्यांना पुण्याला नेतो. पिंपरीत काय बघायचं, हा प्रश्न आम्हीच विचारतो आणि उत्तर न शोधताच शनिवारवाड्याची रिक्षा ठरवतो.

मी सुरुवात पवनेकाठी मोरया गोसावींच्या समाधीपासून केली. तिथून चापेकर वाडा. प्लेगच्या घरझडत्यांनी लोक पोळले होते. त्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर हल्ला केला. पुढे वासुदेवासह तिघे सख्खे भाऊ फासावर गेले. वाड्यासमोर उभी असताना एकदम लक्षात आलं, की त्याच प्लेगवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन पुढे एच.ए.त तयार होऊ लागलं. चिंचवडगावातून एच.ए.पर्यंत पायी तास-सव्वा तास. मी चालले. पदपथ तीनदा संपला, तेव्हा गाड्यांच्या कडेकडेने पुढे सरकले. या दोन जागांना जोडणारी पाटी मला वाटेत कुठेही दिसली नाही.

ती वाट आखावी, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. सलग पदपथ, चार पाट्या, दोन स्वच्छतागृहं, आणि वाटेच्या शेवटी एच.ए.च्या परिसरात एक खोली, जिथे पेनिसिलिनची कुपी, जुनी हजेरीकार्डं आणि कामगारांचे आवाज असतील. आपल्या शहराला उद्योगनगरी म्हणतात. मग उद्योगात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांचं काही बघायला मिळावं की नाही? खोली गुरुवारी उघडी हवी, आणि मोफत. घाईही आहे. वडील गेले; त्यांच्या पाळीतले माझ्या ओळखीचे आता दोघेच उरलेत, दोघेही ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या तोंडून ते सगळं आजच उतरवून घ्यायला हवं.

परतताना मेट्रोने आले. संत तुकारामनगरच्या फलाटावर डबा उघडला नाही, पण सॅकचा आतला कप्पा उघडून पाहिला. वडिलांचा गेटवरचा पितळी बिल्ला दिवसभर बरोबर होता. नंबर अजून वाचता येतो. ती खोली झाली की तो मी स्वतः नेऊन देईन.