धर्मयुद्धाचा जमाखर्च

धर्माच्या नावाने कोठेही रक्तपात झाला की त्याविषयी दोन मते हटकून मांडली जातात. एक मत असे की, धर्म हेच साऱ्या अनर्थाचे मूळ असून तो नाहीसा झाला की युद्धेही संपतील. दुसरे मत असे की, धर्म हे केवळ निमित्त असते; खरी भांडणे जमीन, बाजारपेठ व सत्ता यांसाठीच होतात. पहिल्या मताला विसाव्या शतकातील दोन महायुद्धांनीच उत्तर दिले आहे. ती काही धर्मासाठी झाली नव्हती. दुसरे मत अधिक शहाणपणाचे वाटते, विशेषतः आम्हा अर्थशास्त्राच्या लोकांना. परंतु इतिहासाचा जमाखर्च मांडू लागले की त्याचाही ताळेबंद जुळत नाही. या दृष्टीने युरोपातील १६१८ ते १६४८ या काळातील तीस वर्षांचे युद्ध अभ्यासण्यासारखे आहे.

१५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहाने जर्मन साम्राज्यात ‘राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म’ असे सूत्र ठरले होते. मात्र ही सवलत कॅथॉलिक व ल्यूथरपंथीय राजांपुरतीच होती. कॅल्व्हिनच्या अनुयायांना तीत स्थान नव्हते. २३ मे १६१८ रोजी प्राग येथे बोहेमियाच्या प्रॉटेस्टंट सरदारांनी दोन राजप्रतिनिधींना आणि त्यांच्या चिटणीसाला किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकले. ते तिघेही बचावले. युरोप मात्र बचावला नाही. १६२० मध्ये व्हाइट माउंटनच्या लढाईत या सरदारांचा पाडाव झाला व त्यांच्या जहागिरी जप्त झाल्या. पुढील काही वर्षांत सम्राट दुसरा फर्डिनंड याचे पारडे इतके जड झाले की, युद्ध जवळजवळ संपल्यातच जमा होते.

आणि नेमक्या याच वेळी, १६२९ मध्ये, सम्राटाने एक फर्मान काढले. १५५२ नंतर प्रॉटेस्टंटांनी ताब्यात घेतलेली चर्चची सर्व मालमत्ता परत करावी, असा त्याचा आशय होता. व्यवहारी राज्यकर्त्याने अशा वेळी हात आखडता घेतला असता. खुद्द सम्राटाचा सेनापती वॉलेनस्टाइन यालाही हे धोरण पसंत नव्हते. परंतु ईश्वराने दिलेल्या विजयाची फेड ईश्वरी कार्यानेच केली पाहिजे, अशी फर्डिनंडची प्रामाणिक श्रद्धा होती. या फर्मानामुळे तोवर तटस्थ राहू पाहणारे प्रॉटेस्टंट राजे शत्रूच्या गोटात ढकलले गेले. धर्मवेड युद्धात कोणती कामगिरी बजावते, हे येथे स्पष्ट दिसते. जमिनीची वाटणी करता येते, जकातीचे उत्पन्न निम्मेनिम्मे घेता येते; मोक्षाची वाटणी करता येत नाही. त्यामुळे तडजोड हा जो प्रत्येक व्यवहाराचा प्राण, तेच पाप ठरते.

पण नुसत्या श्रद्धेवर फौजा तीस वर्षे चालत नाहीत. त्यांना पगार लागतो, धान्य लागते, दारूगोळा लागतो. हा खर्च कोणी केला ते पाहिले की धर्माच्या सीमारेषा पुसट होऊ लागतात. कॅथॉलिक सम्राटासाठी वॉलेनस्टाइनने जी प्रचंड सेना उभारली, तिला पैसा पुरविणारा सावकार हान्स द विट्टे हा कॅल्व्हिनपंथीय होता. त्या कर्जाची फेड गावोगावच्या रयतेकडून खंडणी उकळून होत असे. उलट बाजूला फ्रान्सचा मुख्य मंत्री रिशेल्यू हा स्वतः रोमन चर्चचा कार्डिनल. त्याने मायदेशी १६२८ मध्ये ला रोशेल हे प्रॉटेस्टंटांचे शहर उपासमारीने शरण आणले. आणि तीनच वर्षांनी, १६३१ च्या करारान्वये, स्वीडनच्या प्रॉटेस्टंट राजाला दरसाल चार लाख थेलर देण्याचे मान्य केले. त्याच वर्षी सम्राटाच्या बाजूच्या फौजांनी मॅग्डेबर्ग शहर जाळले व सुमारे वीस हजार माणसे मारली गेली. साम्राज्याची लोकसंख्या या युद्धात किती घटली याविषयी मतभेद आहेत. परंतु सावध अंदाजही सुमारे १५ टक्क्यांच्या खाली येत नाहीत, आणि काही एकतृतीयांशापर्यंत जातात.

१६४८ मध्ये वेस्टफालियाचा तह झाला तो कोणाचे मतपरिवर्तन झाले म्हणून नव्हे. तिजोऱ्या रित्या झाल्या होत्या. तहकर्त्यांनी खरा धर्म कोणता, हा प्रश्नच बाजूला ठेवला. १ जानेवारी १६२४ रोजी चर्चची जी मालमत्ता ज्याच्या ताब्यात होती ती सर्वसाधारणपणे त्याच्याकडे राहावी, असा हिशेबी तोडगा त्यांनी काढला आणि कॅल्व्हिनपंथीयांनाही मान्यता दिली. पोप दहावा इनोसंट याने तहातील धर्मविषयक कलमांचा निषेध केला. राजांनी तिकडे दुर्लक्ष केले.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. पण डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर जे घडले त्यात रिशेल्यूचाच कित्ता गिरविलेला दिसतो. अमेरिकेने व सौदी अरेबियाने पैसा दिला, पाकिस्तानच्या लष्करी गुप्तहेर खात्याने तो वाटला, आणि त्यातला मोठा वाटा गुलबुद्दीन हिकमतयार याच्यासारख्या कडव्या नेत्याच्या पदरात पडला. शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट या काळात घडली. अमेरिकन सरकारी मदतीतून नेब्रास्का विद्यापीठाने अफगाण मुलांसाठी जी पाठ्यपुस्तके तयार केली, त्यांत बंदुका, गोळ्या व सैनिक यांची चित्रे देऊन अंकगणित शिकविले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य परतले; धर्मयोद्धे परतले नाहीत. १९९२ नंतर त्यांच्याच आपसांतील तोफांनी काबूल उद्ध्वस्त झाले. १९९६ मध्ये तालिबानने ते शहर घेतले. तीच पुस्तके त्यांनीही वापरली, फक्त त्यांतील माणसांचे चेहरे खोडले.

धर्मवेडाची ठिणगी थोड्याफार प्रमाणात प्रत्येक समाजात असते. तेवढ्याने दंगल पेटू शकेल. वर्षानुवर्षांचे युद्ध पेटत नाही. त्यासाठी कोणा धूर्त राज्यकर्त्याने त्या ठिणगीला उपयुक्त ठरवून खजिन्यातून इंधन पुरवावे लागते. प्रत्येक सत्तेला परक्याचे धर्मवेड घातक आणि आपल्या उपयोगी पडणारे धर्मवेड माफक वाटते. ते वेळ आली की आवरता येईल, अशी तिची खात्री असते. ही खात्री फोल का ठरते, याचे कारण वर आलेच आहे. पैसा देणाऱ्याच्या दृष्टीने तो व्यवहार असतो. घेणाऱ्याच्या दृष्टीने तो व्यवहार नसतोच. मग कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ झाला, तर नवल नाही.

म्हणून सुबुद्ध नागरिकाने अशा प्रसंगी, हे लोक कोणत्या धर्माचे, एवढेच विचारून थांबू नये. यांना पैसा, शस्त्रे आणि पाठ्यपुस्तके कोण पुरवितो, हेही विचारावे. आणि पुरविणारा आपल्या बाजूचा असेल, तर तो प्रश्न अधिक मोठ्याने विचारावा.