राजुरीची जागा, मुंबईची खोली आणि आपण

घर या विषयावर आपण कविता पुष्कळ लिहिल्या. झोपडी आली, गटार आलं, फूटपाथ आला. पण सातबारा, खरेदीखत, मिळकत पत्रिका यावर कोण लिहितो? हे विषय वकिलाचे नि दलालाचे, असं आपण धरून चाललो. म्हणून तर ते दोघं आपल्या जिवावर बंगले बांधतात. मी वकील नाही. मॅट्रिक आहे. डॉकात कंत्राटी गँगमध्ये माल उतरवतो. पण राजुरीची जागा आणि मुंबईची खोली या दोन दगडांवर पाय ठेवून माझ्यासारखे कितीतरी उभे आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

राजुरी जुन्नर तालुक्यातली. आळेफाट्यावरून कल्याण-नगर रस्त्यानं पूर्वेला गेलं की लागते. कांदा, ऊस, दूध यांच्यावर हा मुलूख वर आला. रस्त्याच्या कडेला गाळे उठले. ज्या वस्तीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिथली जागा विचारत आता मोटारी येतात. बोलणं गोड असतं. "पोरं मुंबईला, घर पडलंय, बिबट्याच्या भ्यानं रात्री कुणी राहत नाय. ठेवून काय करणार? आम्ही बघतो ना." म्हातारी माणसं विरघळतात. इकडे मुंबईत पोरगं लग्नाचं झालेलं असतं, सासरा विचारतो, स्वतःची खोली आहे का? मग फोन जातो, "द्या विकून. डिपॉझिटचं काम होईल."

माझं म्हणणं सरळ आहे. ती जागा विकू नका. विकायचीच तर कागद सरळ करून, भाव घेऊन, घरातल्या बायांना विचारून विका. घाईत, उधारीत आणि नुसत्या स्टँपवर विकू नका.

यावर एक जण लगेच म्हणेल, बाबासाहेबांनी तर गाव सोडा म्हणून सांगितलं, घटना समितीत १९४८ साली गावगाड्याची लक्तरं काढली, मग तू गावाला चिकटून राहा कसं सांगतोस? मित्रा, गावकी सोडायची म्हणजे जागा गावकीच्या घशात घालायची असा अर्थ नाही. गुलामी सोडायची. मालकी कशाला सोडायची? मालकी तर आपल्याला कधी नव्हतीच. आत्ता कुठे नाव लागतंय.

ते नाव कसं लागलं ते बघा. महारकीच्या बदल्यात वतनाची जमीन होती. रात्रंदिवस राबायचं, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची आणि त्या तुकड्यावर समाधान मानायचं. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात वतन कायदा बदलायचं बिल आणलं. शेवटी कनिष्ठ गावकामगार वतनं नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १९५९ च्या ऑगस्टपासून लागू झाला. जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण नवीन शर्तीवर. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलेलं असेल तर ही शर्त आहे असं समजा. अशी जमीन मन मानेल तशी विकता येत नाही. सरकारची परवानगी आणि नजराणा यांचे नियम आहेत. आपल्या माणसाला हे ठाऊक नसतं. समोरच्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो खरेदीखत मागत नाही. तो कुलमुखत्यारपत्र मागतो, साठेकरार मागतो, कोऱ्या कागदावर अंगठा मागतो. चार पैसे टेकवतो आणि वीस वर्षं गप बसतो. पुढे साहेबलोकांकडून शर्त उठवून घेतो. कवडीची जमीन कोटीची होते. आपला म्हातारा तोवर मेलेला असतो.

हे खेड्यातच चालतं असं समजू नका. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातलं प्रकरण पेपरात गाजलं. महार वतनाची सुमारे ४० एकर जमीन, तिचं ३०० कोटींचं खरेदीखत होऊन गेलं. बोंब झाली तेव्हा व्यवहार रद्द करायची घोषणा झाली. मूळ वतनदारांच्या हातात काय पडलं, हा प्रश्न किती जणांनी विचारला? बातमी मोठ्या आडनावाची झाली. जमीन ज्यांची होती त्यांची झाली नाही.

आता वस्तीतल्या घराचं. आपल्याकडे समज असा की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला बापाचं नाव आहे, घरपट्टी भरतो, लाईटबिल येतं, म्हणजे मालक झालो. तसं नाही. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. ती पुराव्याला पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण नुसती तीच मालकी नव्हे. आधी जागा कशात आहे ते शोधा. गावठाणात आहे, गायरानात आहे, का कुणाच्या खाजगी गटात आहे? गावठाणात असेल तर ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका द्यायचं काम २०२० पासून स्वामित्व योजनेत देशभर चाललंय. त्याची पहिली चाचणी आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली होती. मोजणीच्या वेळी आपण मुंबईला आणि शेजारी बांधावर, असं झालं की भिंत सरकते. म्हणून जुन्नरला भूमी अभिलेख कार्यालयात जा, नकाशा मागा, आपलं नाव आणि क्षेत्र तपासा. चूक असेल तर लेखी हरकत घ्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं. पोच राहते.

घरकुलाचंही तेच. रमाई आवास योजना आपल्यासाठी आहे, पण घर बांधायला पायाखाली जागा लागते. जागाच नसेल तर जागा खरेदीला मदत देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. ग्रामसेवक हे आपणहून सांगायला घरी येत नाही. विचारावं लागतं, लेखी विचारावं लागतं. एकट्यानं विचारलं तर हेलपाटे पडतात, दहा जणांनी विचारलं तर खुर्ची मिळते.

आणखी एक कडू गोष्ट. आपण मनूला शिव्या देतो आणि बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतो. रक्षाबंधनाला साडी द्यायची आणि तहसीलला सही घ्यायची. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. सुप्रीम कोर्टानं २०२० साली स्पष्ट केलं की तो हक्क तिला जन्मानं आहे, २००५ ला बाप जिवंत असो नसो. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तर मग आत्याला, बहिणीला न विचारता जागा विकणारा पँथर कसला? नवऱ्यानं टाकलेली बाई शेवटी कुठे येते? बापाच्या त्या दोन खणांत येते. ते खण विकून तुम्ही बदलापूरला वन-रूम किचन घ्याल. तिनं कुठं जायचं? नवीन घर घ्याल तेव्हाही बायकोचं नाव लावा. नुसतं तिच्याच नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे. सवलतीसाठी का होईना, सुधारा.

आता मुंबई. मुंबईत आपल्या ऐपतीची जागा म्हणजे टिटवाळा, नालासोपारा, दिव्याच्या पुढची चाळ. दलाल सांगतो, "ताबा लगेच, नोटरी करून देतो." नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. नोटरी फक्त सह्या कुणाच्या ते सांगतो, जमीन कुणाची ते सांगत नाही. नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरीतल्या ४१ बेकायदा इमारती हायकोर्टाच्या आदेशानं पाडल्या, २०२५ च्या सुरुवातीला शेवटची पडली. जागा सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. घरं घेणाऱ्यांनी पैसे मोजले होते, घरपट्टी भरली होती. भांडी-कुंडी रस्त्यावर आली. विरारला २०२५ च्या ऑगस्टात रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ माणसं मेली. तीही इमारत बेकायदाच. स्वस्त घर किती महाग पडतं ते बघा.

कुणी म्हणेल, महारेराचा नंबर बघून घेतो. बघाच. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त घरं असली तर नोंदणी सक्तीची आहे. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचा बिल्डरला अधिकार नाही. पण नुसत्या नंबरावर झोपू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवले, आणि २०२४ साली हायकोर्टानं त्या पाडायला सांगितल्या. म्हणून नंबर घेऊन महापालिकेत जा, बांधकाम परवानगी खरी का ते विचारा. जमिनीचा सातबारा काढा, तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या, बिल्डरच्या वकिलाकडून नव्हे. एक दिवसाची हजेरी बुडेल. बुडू द्या. जन्माची हजेरी वाचेल.

झोपडपट्टीतली खोली घेणाऱ्यांनी विचारावं, फोटोपास कुणाच्या नावाचा, पात्रता यादीत नाव कुणाचं? एसआरएचं घर ठराविक वर्षं विकता येत नाही. त्या आत 'आपसात' घेतलंत तर पैसा तुमचा, घर दुसऱ्याचं. आणि भाड्यानं राहत असाल तर करार नोंदवून घ्या. तो नोंदवणं कायद्यानं घरमालकाचं काम आहे. तुमची मेहरबानी नव्हे, त्याची जबाबदारी.

हे झालं कागदाचं. पण कागद पुरे करूनही एक प्रश्न दाराशी उभा राहतो. "आडनाव काय?" मग लगेच, "मच्छी-मटण चालत नाही हं आमच्यात." मला स्वतःला एका ठिकाणी चावी दाखवून परत खिशात घातली. आडनाव सांगेस्तोवर खोली रिकामी होती, सांगितल्यावर भरली. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला मोठ्या नोकरीवर गेले, तर राहायला घर मिळेना. पारशी नाव सांगून धर्मशाळेत राहावं लागलं आणि थोड्याच दिवसांत लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. शंभर वर्षं उलटली. लाठी गेली, सोसायटीचा उपविधी आला. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की सहकारी सोसायटी सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. अल्पसंख्याकांना आधार म्हणून हा न्याय वाचता येतो. पण ज्याला सगळ्याच समाजांनी बाहेर ठेवलं त्यानं कुठे जायचं, याचं उत्तर त्यात नाही.

हत्यार मात्र आपल्याकडे आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा. त्यात लिहिलंय, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला, राहायला कुणाला अडवणं गुन्हा. किती जणांनी तक्रार दिली? पुरावा राहत नाही म्हणून दिली नाही. मग पुरावा ठेवा. एकटे जाऊ नका, सोबत साक्षीदार न्या. नकार आला तर मेसेजवर कारण विचारा. ज्या पोरांनी खोलीसाठी आडनाव लपवलं त्यांना मी शिव्या देणार नाही. पोटुशी बायको घेऊन पावसात उभं राहिल्यावर तत्त्व शिकवणारे पुष्कळ भेटतात. पण एवढं सांगतो, लपवलेल्या नावानं घेतलेल्या घरात माणूस पाहुण्यासारखा राहतो. जयंतीला पोरांना गप करतो, भिंतीवरचा फोटो आतल्या खोलीत नेतो. असं घर भाडं दोन घेतं. एक मालकाला, एक मनाला.

आणि ज्यांना घर मिळालं त्यांच्याशीही दोन शब्द. वरळीच्या बीडीडी चाळीत १९७४ च्या जानेवारीत आपल्या माणसांची डोकी फुटली. त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून आपण लढलो. २०२५ च्या १४ ऑगस्टला तिथल्या ५५६ भाडेकरूंना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंद आहे. पण टॉवरमध्ये दार बंद असतं. चाळीत शेजारचं पोर आपल्या ताटात जेवायचं. दार बंद झालं की तेही बंद होतं. उद्या त्याच टॉवरमध्ये गावाकडून आलेल्या पोराला आठ दिवस झोपायला जागा दिली नाही, तर आपल्यात आणि चावी खिशात घालणाऱ्यात फरक काय राहिला?

विकणं पाप नाही. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहिले, मग दादरला राजगृह बांधलं, चारमिनार नावाची दुसरी इमारत बांधली. १९४१ साली कर्जापायी आणि पुस्तकांपायी त्यांनी चारमिनार विकली, राजगृह ठेवलं. काय विकायचं आणि काय ठेवायचं हे ज्याला कळतं त्याला कुणी लुबाडू शकत नाही.

तर पुढच्या सुट्टीला राजुरीला, किंवा आपापल्या गावाला, जाल तेव्हा जत्रा बघा, मटण खा, पण एक दिवस जुन्नरच्या कचेरीला द्या. सातबारा, फेरफार, आठचा उतारा, मिळकत पत्रिका यांच्या नकला काढा. घरातल्या सगळ्या पोरापोरींची नावं वारस म्हणून लावा. २०२० च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पाटी बदलली असेल तर चांगलंच. पण पाटीवरचं नाव सरकार बदलतं, उताऱ्यावरचं नाव आपल्यालाच लावून घ्यावं लागतं. ते लागलं का, एवढं बघून या.