‘आमच्या नोंदीनुसार’ म्हणजे कोणाच्या?

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई



दोन वर्षांपूर्वी मी एका खासगी वित्त कंपनीकडून २ लाखांचं कर्ज घेतलं. खात्यात रक्कम आली ती ६,८०० रुपयांनी कमी. विचारल्यावर कळलं, माझा विमा उतरवलाय. मी तो मागितला नव्हता. तक्रार केली. पंधरवड्याने उत्तर आलं : ‘आमच्या नोंदीनुसार आपण दूरध्वनीवर संमती दिली आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे.’

खरं सांगायचं तर मी ‘हो’ म्हटलंही असेल. फोन आला तेव्हा मी एसटीत उभा होतो. पलीकडची मुलगी एका दमात वाचत होती आणि मी अधूनमधून ‘हां, हां’ करत होतो. त्यातला विम्याचा ‘हां’ कुठला, तो मला ऐकायचा आहे. ऐकून पटला तर ६,८०० रुपयांवर पाणी सोडेन. म्हणून रेकॉर्डिंग मागितलं. उत्तर : ‘कंपनीच्या अंतर्गत धोरणानुसार देता येत नाही.’ कॉल रेकॉर्ड होतोय हे मात्र सुरुवातीलाच न चुकता ऐकवतात. आवाज माझा, कर्ज माझं, हप्ता माझा. नोंद तेवढी त्यांची.

गावाकडच्या जमिनीचा डिजिटल सहीचा सातबारा मी घरबसल्या १५ रुपयांत काढतो. कुठल्या फेरफाराने कोणतं नाव चढलं ते दिसतं, चुकलं असेल तर हरकत घेता येते. सरकारी कचेरीतल्या कागदासाठी २००५ चा माहिती अधिकार आहे. तो अर्ज खासगी कंपनीकडे करता येत नाही. मग माझं कर्जखातं तलाठ्याच्या दप्तरापेक्षाही गुप्त का असावं?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. स्वतःविषयीची माहिती मागण्याचा हक्क देणारं ११वं कलम लागू व्हायला त्यापुढे आणखी १८ महिने. आणि त्या कलमात शब्द आहे ‘सारांश’. सारांश घेऊन मी काय करू? वाद त्या एका ‘हां’चा आहे, आणि सारांशात ‘हां’ ऐकू येत नाही. ब्रिटनमध्ये ग्राहक साध्या पत्राने स्वतःच्या माहितीची प्रत मागतो आणि कंपनीला ती साधारणपणे महिन्याभरात, फुकट द्यावी लागते; ध्वनिमुद्रणही त्यात येतं. तिथे हे पत्र तक्रारीची पहिली पायरी ठरतं. आपल्याकडे तक्रारदार आधी रिकाम्या हाताने भांडतो.

आपल्या एकात्मिक लोकपाल योजनेत लोकपाल कंपनीकडून कागद मागवू शकतो, हे मला ठाऊक आहे. पण त्या दारापर्यंत जायचं तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची, उत्तर येईपर्यंत किंवा ३० दिवस थांबायचं आणि मग आपली बाजू मांडायची. ती मांडायची कशाच्या जोरावर? पुरावा कपाटात आणि किल्ली प्रतिपक्षाच्या कमरेला. कर्जाच्या कराराची प्रत सर्व जोडपत्रांसह ग्राहकाला द्यावी, असं तुमचंच बंधन आहे. माझी प्रत एसएमएसमधल्या लिंकवर आली. मी ती उघडायला गेलो तेव्हा लिंकची मुदत संपली होती.

मनात आणलं तर रिझर्व्ह बँक काय करू शकते, ते आम्ही पाहिलंय. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत करा, उशीर तुमच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये द्या, असं १३ सप्टेंबर २०२३ ला तुम्ही कर्ज देणाऱ्यांना फर्मावलंत. क्रेडिट अहवालातली चूक ३० दिवसांत सुधारली नाही तर दिवसाला १०० रुपये, हेही तुमचंच. मग तक्रारदाराच्या कागदांना असाच दिवसाचा भाव का लावू नये? तक्रार क्रमांक मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याचा मूळ अर्ज, सहीचा करार, प्रत्येक शुल्काचा तपशील असलेला खातेउतारा आणि कंपनी ज्या संभाषणाचा आधार घेते ते संभाषण, हे सगळं विनाशुल्क त्याच्या हाती पडावं. तिसऱ्या कुणाचा तपशील असेल तर तो खुशाल झाकावा. आणि जी नोंद ग्राहकाला दाखवली नाही, ती लोकपालासमोर त्याच्याविरुद्ध मांडता येऊ नये. मला विचाराल तर दंडापेक्षा हीच अट जास्त कामाची.

तुमच्या जाहिराती आम्हाला ‘जानकार बनिए’ म्हणतात. बनायला तयार आहोत.

रेकॉर्डिंग किती दिवस जपून ठेवतात, हे कंपनीने अजून सांगितलेलं नाही. मागणीचं दुसरं पत्र मी काल स्पीड पोस्टाने धाडलंय. बाकीचं परिपत्रक सावकाश काढा. पण ज्या संभाषणावर तक्रार चालू आहे ते निकाल लागेपर्यंत पुसू नये, एवढा आदेश तरी आधी द्यावा.

आपला,
एक कर्जदार