परिचयातून गाणं कळू द्या

डिसेंबर जवळ आला की पुण्यातल्या संगीतसंस्थांकडे कलाकारांचे परिचय येऊ लागतात. कुणाचा पत्रिकेत छापायचा असतो, कुणाचा निवेदकाने मंचावरून वाचायचा असतो. मैफलींवर दर आठवड्याला लिहिताना माझ्याकडेही ते येतात आणि बहुतेक एकाच वळणाचे असतात: ‘बालवयापासून संगीताची आवड असलेल्या या युवा गायिकेने देशविदेशांतील नामवंत महोत्सवांत आपल्या सुमधुर गायनाने रसिकांना मंत्रमुग्ध केले असून अनेक मानाच्या पुरस्कारांनी तिला गौरवण्यात आले आहे.’ नाव बदललं की हेच वाक्य कुणालाही लागू पडतं. वर्षानुवर्षं पहाटे उठून खर्ज भरणाऱ्या त्या मुलीबद्दल मात्र त्यात एक अक्षरही नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परिचय वाचणाऱ्या श्रोत्याला मोजकंच हवं असतं. ही कुणाकडे शिकली, किती शिकली, सध्या काय करते आणि आज हिच्याकडून काय ऐकायला मिळेल? आपल्या संगीतात पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं, कारण गळ्यावरचे संस्कार तिथून आलेले असतात. भास्करबुवा बखल्यांचंच पाहा. ग्वाल्हेर गायकीचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि जयपूरचे अल्लादिया खाँ ही त्यांच्या गुरूंची नावं सांगितली, की जाणत्या श्रोत्याला बुवांच्या गाण्याची कल्पना येते. 1911 साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला आणि मास्तर कृष्णराव त्यांचे शिष्य, एवढी भर घातली की परिचय पुरा होतो. ‘थोर’ किंवा ‘दिग्गज’ म्हणायची गरजच उरत नाही.

आता हाच नियम लावून हिराबाईंचा परिचय लिहून पाहू. ‘हिराबाई बडोदेकर. जन्म 1905, मिरज. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कन्या. तालीम बंधू सुरेशबाबू माने आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे. किराणा घराण्याचा ख्याल, शिवाय ठुमरी, नाट्यसंगीत आणि भावगीत. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही गायिकांपैकी एक. 1970 साली पद्मभूषण. शिष्यांमध्ये प्रभा अत्रे.’ चाळीस-पन्नास शब्द झाले. यात एकही विशेषण नाही, तरी बाईंचा मोठेपणा कुठे कमी झाला?

हिराबाईंइतकं सांगण्यासारखं आपल्याकडे काय आहे, असं तरुण कलाकार म्हणतील. आहे ना! दहा वर्षं एका गुरूकडे आठवड्यातून दोनदा बसला असाल, तर तेच लिहा. अलंकार झाला असाल, आकाशवाणीची श्रेणी मिळाली असेल, तर ती कोणती आणि कधी हे लिहा. पुरस्काराचं नाव, देणारी संस्था आणि साल द्या. ‘अनेक पुरस्कार’ म्हटलं की वाचणाऱ्याला एकाचाही भरवसा वाटत नाही. अप्रचलित राग जमवत असाल, टप्प्यावर काम करत असाल, स्वतः बंदिशी बांधत असाल, तर ती ओळ वरती घ्या. तुम्हाला ऐकायला यायचं कारण त्या ओळीत असतं.

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. तीन दिवसांच्या कार्यशाळेला बसून एखाद्या बुजुर्गाचं नाव गुरू म्हणून लावण्याची चाल वाढते आहे. शिबिर केलं असेल तर शिबिर म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण ज्यांनी रोज पलटे घोटून घेतले ते गल्लीतले मास्तर परिचयातून गाळायचे आणि मोठं नाव पुढे करायचं, हा त्या मास्तरांवर अन्याय आहे. शिवाय पुण्यातला श्रोता पहिल्या आलापातच तालीम ओळखतो.

साथीदारांचे परिचय तर आणखी दुबळे असतात. तबलावादकाच्या परिचयात त्याने कुणाकुणाला साथ केली याची वीस नावं, आणि त्याचा स्वतःचा बाज कोणता, तो कुणाकडे शिकला, याचा पत्ता नाही. त्यानेही आपले गुरू आणि आपलं घराणं आधी सांगावं. साथ केलेल्यांची दोन-तीन नावं पुरेत.

परिचय दोन मापांचे तयार ठेवा: पत्रिकेसाठी शंभर-सव्वाशे शब्दांचा आणि निवेदकासाठी चाळीस शब्दांचा. दुसरा मोठ्याने वाचून पाहा. वाचताना जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडा. दरवर्षी गुढीपाडव्याला दोन्ही नव्याने लिहा, म्हणजे पाच वर्षांपूर्वीची ‘उदयोन्मुख’ गायिका आजही उदयोन्मुखच राहणार नाही.

संस्थांनाही विनंती आहे. विशेषणांनी भरलेला परिचय जसाच्या तसा छापू नका, परत पाठवा आणि नेमकं विचारा. आणि तरुण मित्रमैत्रिणींनो, नवा परिचय कुणालाही देण्याआधी एकदा गुरूंना वाचून दाखवा. त्यांच्यासमोर जे वाक्य वाचायचा संकोच वाटेल, ते खोडून टाका.