हायड्रोजनची लहर आणि रेल्वेचा मार्ग

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावावरून नेता येणार नाही, असं रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं. तेव्हापासून आमच्या जुन्नर तालुक्यात एकच सवाल कानावर येतो: त्या दुर्बिणीच्या तबकड्यांचा आम्हाला काय उपयोग? मी इथेच भौतिकशास्त्र शिकवतो. टोमॅटोच्या या बाजारपेठेला रेल्वे हवी, हे मलाही मनापासून वाटतं. तरीही मी दुर्बिणीच्या बाजूने आहे. ती काय टिपते, ते आधी सांगतो.

आकाशगंगा म्हटलं की मुलं वहीत तारे काढतात. तारे ज्यातून जन्मतात तो वायू मात्र डोळ्यांना दिसत नाही. थंड हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटरची रेडिओलहर सोडतो, तीही सरासरी कोटभर वर्षांतून एकदा. अणूंची संख्या अफाट असल्यामुळेच ती आपल्यापर्यंत पोचते. व्हॅन डी हल्स्टने १९४४ मध्ये तिचं भाकीत केलं, १९५१ मध्ये युएन आणि पर्सेल यांनी ती पकडली. धुळीतूनही ती आरपार येते, म्हणून आपल्या आकाशगंगेच्या तबकडीचा नकाशा काढता आला.

आणि तो नकाशा विलक्षण आहे! वायू सगळीकडे सारखा पसरलेला नाही. दाट, रेणूरूप वायू मुख्यतः आतल्या भागात आणि सर्पिल बाहूंमध्ये गोळा झालेला; तारे तिथेच घडतात. विरळ अणुरूप हायड्रोजन मात्र तारे संपतात त्याच्याही बराच पुढे जातो. तिथे हा थर जाड होत जातो आणि भाजताना वळलेल्या पापडासारखा एका कडेला वर, दुसऱ्या कडेला खाली झुकतो.

दूरच्या दीर्घिकांची हीच लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणून येते. २०२० मध्ये खोडदच्या ३० तबकड्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. नव्याची भर पडली नसती, तर तो साठा एक-दोन अब्ज वर्षांतच ताऱ्यांनी संपवला असता, हे त्यातून कळलं. इतक्या क्षीण संकेताशेजारी विजेच्या रेल्वेची एक ठिणगीही भारी पडते. रुळांना वळण देता येतं. हायड्रोजनला आपली लहर बदलता येत नाही.

म्हणून मागणी दुर्बीण हलवण्याची नको. नवा मार्ग लवकर ठरवा, त्याचा नकाशा गावागावात लावा आणि नारायणगावचा माल जवळच्या स्थानकापर्यंत वेळेत पोचेल असा रस्ता व शीतगृह त्याच आराखड्यात मंजूर करा.