भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका

तुमचं किंवा घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर भूलतज्ज्ञ विचारतील त्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर द्या. शेवटचं कधी खाल्लं, सकाळी चहा घेतला का, आंबट पाणी घशाशी येतं का, गुटखा खाता का. हे प्रश्न निव्वळ कागद भरण्यासाठी नसतात. भुलेत तुमचा श्वास कोणत्या साधनाने चालू ठेवायचा, हे या उत्तरांवर ठरतं.

पूर्ण भूल दिली की स्नायू सैल पडतात, जीभ मागे पडते आणि ठसका लागणंही थांबतं. अशा वेळी हवेची वाट मोकळी ठेवण्याचे मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे स्वरयंत्रातून थेट श्वासनलिकेत घातलेली नळी. दुसरा म्हणजे तोंडातून आत सरकवून स्वरयंत्राच्या वर टेकवलेला मास्क, ज्याला दवाखान्यात एलएमए म्हणतात. आर्ची ब्रेन या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने तो 1981 मध्ये प्रथम वापरला आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस तो बाजारात मिळू लागला. हा मास्क स्वरतंतूंच्या मधून जात नाही. त्यामुळे नाडी आणि रक्तदाब कमी उसळतात, जाग येताना खोकला कमी येतो, घसाही कमी दुखतो. म्हणून हातापायाच्या, गाठीच्या, हर्नियाच्या अनेक छोट्या ऑपरेशनांत तो सोयीचा पडतो.

पण सगळे मास्क सारखे नाहीत. मूळच्या मास्कला हवेची एकच वाट आणि कडेला फुगा. फुगा जास्त फुगला तर घसा दुखतो, क्वचित जिभेला बधिरपणाही येतो. म्हणून त्यातला दाब पाण्याच्या 60 सेंटिमीटर उंचीच्या दाबापेक्षा कमी ठेवतात. शिवाय जठरातलं पाणी वर आलं, तर त्याला बाहेर पडायला वेगळी वाट नसते. 2000 मध्ये आलेल्या प्रोसील या मास्कमध्ये ती दुसरी वाट दिली आणि मास्कची बैठकही घट्ट केली. 2007 मध्ये आय-जेल आलं. त्याला फुगाच नाही. मऊ, जेलीसारखा भाग घशाच्या आकारात बसतो. ते चटकन बसतं आणि, अगदी तान्ह्या बाळांचा आकार सोडला तर, जठराची वाट त्यालाही आहे. प्रोसील सहसा हवेचा जास्त दाब पेलतं. सरावलेल्या हातात दोन्ही चांगली.

मात्र पोट भरलेलं असेल, तर यातलं कोणतंही साधन नळीची जागा घेऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये भुलेतल्या श्वासमार्गाच्या गंभीर घटनांची देशभर नोंद घेतली गेली. तिचा अहवाल 2011 मध्ये आला. अशा घटनांतल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण होतं जठरातलं अन्न-पाणी फुप्फुसात जाणं. साधन कितीही नवं असलं, तरी रुग्णाचं पोट रिकामं आहे की नाही हे ते ओळखत नाही. ते तुम्हीच सांगायचं असतं.

म्हणून एवढं कराच. जेवण, बिस्किटं, दूध आणि दुधाचा चहा ऑपरेशनच्या किमान 6 तास आधी बंद. तळलेलं, जड जेवण त्याच्याही आधी. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. तान्ह्या बाळाला आईचं दूध 4 तास आधीपर्यंत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल, तर तीच पाळा. मूल रडतं म्हणून आजीने किंवा मावशीने हळूच बिस्कीट देऊ नये. दिलंच असेल, तर लगेच सांगावं. ओरडा बसला तरी चालेल.

मधुमेह जुना असेल, पित्त घशाशी येत असेल, दिवस गेले असतील किंवा वजन कमी करण्याचं इंजेक्शन चालू असेल, तर आधीच सांगा. अशा वेळी उपाशी असूनही पोट पूर्ण रिकामं नसू शकतं.

आपल्याकडे गुटखा, सुपारी आणि तंबाखूमुळे कित्येकांचं तोंड पुरेसं उघडत नाही. आरशासमोर उभं राहा आणि स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये बसतात का पाहा. बसत नसतील, तर हे भूलतज्ज्ञांना तपासणीच्या दिवशीच कळायला हवं. त्यांना वेगळी तयारी करावी लागते आणि ती टेबलावर झोपवल्यावर करायची गोष्ट नाही. कवळी, हलणारा दात, झोपेतलं मोठं घोरणं, मुलाला नुकतीच झालेली सर्दी, मागच्या ऑपरेशनात नळी घालताना आलेली अडचण, सगळं सांगा. जुने कागद बरोबर न्या.

तुम्हीही विचारा: ‘माझ्यासाठी नळी की मास्क, आणि का?’ हा तुमचा हक्क आहे. पण अमुकच साधन वापरा, असा हट्ट धरू नका. मास्क नीट बसला नाही तर नळी घालावी लागते. त्यात कुणाची चूक नसते. नंतर एक-दोन दिवस घसा खवखवू शकतो. गिळता येत नसेल, जीभ बधिर राहिली, आवाज बसलेलाच राहिला ताप आला किंवा दम लागला, तर घरी वाट पाहू नका, लगेच कळवा.

चहा प्यायलात म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं, तर गैरसोय होईल, सुट्टी वाया जाईल, नातेवाईक चिडतील. तरीही खरं सांगा. ती गैरसोय भरून निघते. फुप्फुसात गेलेल्या अन्नाने झालेली इजा प्रत्येक वेळी भरून निघत नाही.